वाळू दाबून बघणारे मामा

मामांच्या हातून काहीही घेतलं, अगदी देवळातला प्रसाद घेतला, तरी दाताखाली वाळू यायची. तसं बोलून दाखवलं तर ते विचारायचे, "बारीक लागली का जाड?" आणि उत्तराची खरोखर वाट बघायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा मी एका पत्रकात ते छापलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. नाव सातबाऱ्यावर असावं नाहीतर लग्नपत्रिकेवर, तिसरीकडे नाव आलं की समजावं काहीतरी भानगड आहे, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापूरच्या बाहेर माळावर गोल्फचं एक मैदान आहे. तिथली सगळी माणसं, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली, गवताचं काम करणारी मावशीसुद्धा, त्यांना मामा म्हणायची. मीही तेच म्हणते. कोल्हापूर सोडून मला सहा महिने झाले, पण बांधकामावर वाळूचा ढीग दिसला की अजून मी आधी आजूबाजूला बघते, मामा कुठे उकिडवे बसलेले नाहीत ना म्हणून.

त्यांचं काम थोडं समजावून सांगायला हवं. गोल्फमध्ये बॉल शेवटी एका भोकात, म्हणजे होलमध्ये, घालायचा असतो, आणि त्या भोकाभोवती गालिच्यासारखं कातरलेलं गवत असतं. त्याला ग्रीन म्हणतात. त्या ग्रीनच्या कडेने वाळूचे खड्डे करून ठेवलेले असतात, ते बंकर. आणि त्यापलीकडे मुद्दाम वाढू दिलेलं गवत असतं, ते रफ. खेळणाऱ्याला नीट खेळता येऊ नये, एवढ्याचसाठी हे सगळं. मामा रोज सकाळी दाताळ्याने बंकर विंचरायचे, वाळू चाळायचे आणि रफमध्ये घुसलेली कुसळं उपटायचे. "लोकं तरास मिटवायचा पगार घेत्यात," ते म्हणायचे, "मी तरास नीटनेटका ठिवायचा घेतो."

मी तिथे पहिल्यांदा गेले ती त्या मैदानाच्या विरोधात पत्रक लिहायला. उन्हाळ्यात आमच्या उपनगरात चार दिवसांआड टँकर यायचा आणि इथे गवतावर कारंजी उडायची. हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं, आजही होत नाही. वही-पेन घेऊन मी कुंपणाच्या फटीतून आत शिरले. समोर एका खड्ड्यात पांढऱ्या टोपीतला एक माणूस गुडघ्यावर बसलेला होता. मी दरडावूनच विचारलं, "इथे पाणी किती लागतं हो?"

त्याने मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली, आणि वाळूवर उमटलेली बोटं निरखून म्हणाला, "आज जरा जास्तच हाय. ह्येच्यावर लोखंड वतलं तर उसळून तोंडावर यील."

गोल्फच्या मैदानावर लोखंड कशाला ओतायचं, हे मला कळेना. पाण्याचा आकडा राहिला बाजूला आणि मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून तासभर फौंड्रीची गोष्ट ऐकली.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मामांनी पस्तीस वर्षं मोल्डर म्हणून काढली होती. पंपाचे भाग, इंजिनाचे भाग, कुणाच्या शेतातल्या मोटरीचं कवच. लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून साचा करायचा, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळू ओली असली तर वाफ कोंडते, कोरडी असली तर साचा ढासळतो. म्हणून प्रत्येक घाण्याची वाळू आधी मुठीत दाबून बघायची. मूठ उघडल्यावर बोटांचे वळ राहिले आणि मोडल्यावर कडा सरळ तुटली, की वाळू तयार. पुढे मशीन आलं. वाळू आता मशीन दाबणार, असं मालकांनी सांगितलं. मामांनी मशीनची पहिली वाळू मुठीत दाबून बघितली आणि म्हणाले, बरी हाय. दुसऱ्या दिवसापासून ते घरी.

घरी त्यांचं जमेना. मुलाचा राजारामपुरीत क्लास होता, त्याच्या वरच्याच मजल्यावर सगळे राहायचे. सुनेचं वॉशिंग मशीन मामांच्या खिशातल्या वाळूने दोनदा बंद पडलं. त्यांना रस्त्याने सरळ चालता यायचं नाही. कुठे बांधकाम दिसलं की आत जाऊन, "पावणं, ही वाळू कुठली?" एवढं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चिमूटभर जिभेवर ठेवायची. क्लाससमोर एक मोठी इमारत उठत होती. तिथे त्यांनी असंच केलं, थुंकले, आणि बुकिंग करायला आलेल्या दोन कुटुंबांसमोर मोठ्याने म्हणाले, "खारी हाय. ही खाडीची हाय. गगनबावड्याच्या घाटानं वर आलीया." त्या संध्याकाळी बुकिंगवाल्यांची तिथे सभा भरली. बिल्डर मुलाच्या क्लासमध्ये येऊन बसला. मुलगा बापाला हात जोडून म्हणाला, आबा, कुठेतरी कामाला जावा, पण जिभेनं काम करू नका.

तसे ते मैदानावर आले. आले तेसुद्धा नोकरी मागायला नाही, तर बंकरात टाकायला आणलेली वाळू चुकीची आहे हे सांगायला. ती चाळून कशी घ्यावी हे दाखवता दाखवता संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते परत आले. त्याला अकरा वर्षं झाली होती.

खेळायला ते कधी लागले हे त्यांनाही आठवत नसे. सोमवारी मैदान सदस्यांना बंद असतं. त्या दिवशी काम आटपल्यावर तिथली माणसं थोडं खेळायची. ट्रॅक्टरने गवत कापणारा एक उंचापुरा गडी होता, त्याला सगळे ट्रॅक्टरवाला म्हणायचे. तो कुणाची तरी टाकून दिलेली काठी घेऊन बॉल इतका लांब मारायचा की पलीकडच्या शेतातली माणसं शिव्या द्यायची. मावशी ग्रीनमधलं तण खुरप्याने काढायची. तिने त्या गवतावर बसून इतकी वर्षं काढली होती की कुठे उतार आहे आणि कुठे नाही हे तिला डोळे मिटून कळायचं. ती बसल्या बसल्या बॉल भोकात घालायची. मामा मात्र फक्त बंकरातून आणि रफमधून मारायचे. लांबून मारायला त्यांनी कधी काठी उचलली नाही. "आदी लांब मारायचं आणि मग हुडकत फिरायचं, ह्यात काय शानपण हाय?" असं विचारायचे. बॉल खड्ड्यात ठेवायचा, तिथून खेळ सुरू.

त्यांची काठीही त्यांचीच होती. रफमध्ये सापडलेल्या एका मोडक्या काठीच्या डोक्याचा त्यांनी साचा केला, जुन्या फौंड्रीत जाऊन पितळेसारख्या पिवळ्या धातूत ते ओतून आणलं, दांडा जोडला आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. ते डोकं एवढं जाड आणि बसकं होतं की मावशी त्याला उलथनं म्हणायची, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले.

मी विरोधक म्हणून गेले होते, आणि तिसऱ्या सोमवारी ते उलथनं माझ्या हातात होतं. हे मी तेव्हा माझ्या मित्रमंडळीत कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहून मोकळी होते.

पहिला फटका मी जीव खाऊन मारला. बॉल ग्रीनवरून उडून ट्रॅक्टरच्या पत्र्यावर आपटला. मामा शांतपणे म्हणाले, "बॉलनं तुझं काय वाकडं केलंय? त्येला कशाला मारायलीस? त्येच्या मागं दोन बोटं वाळू हाय, तिला मार. ती घालवती त्येला भाईर."

पुढचे दहा फटके मी बॉललाच मारत राहिले. तेव्हा ते म्हणाले, "तुझी पत्रकं पन असलीच असत्यात. थेट टाळक्यात." हे मला झोंबलं. आमच्या घरी पत्रक म्हणजे पोथी होती. वडिलांनी आयुष्यभर ती लिहिली, छापली, चौकात उभं राहून वाटली, आणि मला बाराखडीच्या आधी मागण्यांचे क्रमांक येत होते. मी रागाने काठी वाळूत घातली. वाळूचा एक मोठा पापुद्रा उडाला आणि त्यावर बसून आल्यासारखा बॉल अलगद ग्रीनवर उतरला. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उडालेली वाळू परत खड्ड्यात लोटत होते.

त्यांचं सगळं शास्त्र त्या मुठीत होतं. वाळू दाबून बघायची. वळ राहिले तर वाळू घट्ट, काठीचं तोंड जरा कमी वर करायचं आणि हलक्या हाताने मारायचं, कारण बॉल पळणार. वाळू बोटांतून निसटली तर काठीचं तोंड आभाळाकडे करायचं आणि खोल जायचं. दर फटक्याआधी मूठ. एकाच खड्ड्यात चार बॉल असले तर चार वेळा मूठ. मी म्हटलं, मामा, आत्ताच तर बघितली. तर म्हणाले, "मगाचची ती मगाचची."

मग ती नोटीस आली.

नवी कमिटी बसली होती. एक सदस्य सोमवारी विसरलेली टोपी न्यायला आले, आणि मावशी ग्रीनवर मांडी घालून बॉल भोकात घालताना त्यांना दिसली. झालं. गुरुवारी फळ्यावर कागद: कर्मचाऱ्यांनी खेळाच्या काठ्यांना हात लावू नये, लावल्यास कामावरून कमी करण्यात येईल. सोमवारचा खेळ गेला. ट्रॅक्टरवाल्याने चार शिव्या हासडल्या. मावशी म्हणाली, घाला चुलीत. पुढच्या सोमवारी मामा बंकर विंचरत होते. विंचरून झाले, परत विंचरायला लागले. दुपारी जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही.

मी अजूनही म्हणते, ती नोटीस चुकीची होती. जी माणसं ते मैदान हातांनी जपतात त्यांना आठवड्यातला एक मोकळा दिवसही तिथे खेळू द्यायचा नाही, याला शिस्त म्हणत नाहीत. मी रात्रीत पत्रक लिहिलं आणि रविवारी मैदानाच्या फाटकात उभी राहून प्रत्येक गाडीच्या काचेतून आत सरकवलं. मामांनी ते वाचून एवढंच म्हटलं, लांब झालंय.

पत्रकाचा परिणाम असा झाला की सेक्रेटरींनी आम्हाला बोलावलं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त इंजिनिअर, सभ्य माणूस, कुणाला दुखवायचं नाही म्हणून प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. ते म्हणाले, कमिटीत मतं दोन आहेत. मैदानाच्या वार्षिक दिवशी तुमचे तिघे आणि आमचे तिघे तीन होल खेळू. तुम्ही जिंकलात तर नोटीस काढायला कमिटी तयार आहे.

मी ताडकन उठले. म्हटलं, "हक्क पैजेवर मिळत नसतात. सोमवार हा या लोकांचा..."

"कुठल्या होलपासनं?" मामांनी विचारलं.

पैज ठरली. मी एकच अट घालून घेतली: प्रत्येक बाजूचा बॉल एक, आणि ज्याला जे येतं ते त्याने मारायचं. म्हणजे लांबचं ट्रॅक्टरवाला, खड्ड्यातलं आणि गवतातलं मामा, ग्रीनवरचं मावशी. तीन होलचे मिळून ज्यांचे फटके कमी, ते जिंकले. ऑफिसातून मी खेळाच्या नियमांचं पुस्तक मागून घेतलं. त्यात काय काय अन्याय आहेत ते बघावं, हा हेतू होता. छापलेलं काहीही शेवटच्या पानापर्यंत वाचायचं ही घरची सवय, म्हणून सगळं वाचलं, लाल पेनाने रेघा मारल्या. तिघांना बसवून नियम समजावले. ट्रॅक्टरवाल्याला लांब मारण्याचे, मावशीला ग्रीनवरचे, मामांना रफमधले. बंकराचं पान मी वगळलं. बंकरात मामांना मी काय शिकवणार?

वार्षिक दिवशी सकाळी अर्धं मैदान आमच्या मागून चालत होतं. पहिल्याच होलला साहेब लोकांचा बॉल रफमध्ये गेला. कडक इस्त्रीचा टी-शर्ट घातलेले एक सदस्य पुढे झाले आणि मारण्याआधी त्यांनी बॉलच्या मागचं गवत बुटाने हळूच दाबलं. मी तिथूनच ओरडले आणि पुस्तक उघडून नियम मोठ्याने वाचला. ते म्हणाले, अहो, पाय सहज पडला. मी म्हटलं, सहज पडला तरी दोन फटके दंड. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि दोन फटके लिहिले. त्यामुळे पहिला होल बरोबरीत सुटला. आमच्या मागे टाळ्या वाजल्या. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं ते.

दुसऱ्या होलला आमचा बॉल कुसळांत जाऊन बसला, पार बुडाशी. मामा त्याच्याभोवती दोनदा फिरले, लांबूनच वाकून गवत कुठल्या अंगावर झोपलंय ते बघितलं, आणि ते ज्या बाजूला झोपलं होतं त्याच बाजूने, विळा चालवावा तशी काठी आत नेली. बॉल कुसळं घेऊन उडाला आणि ग्रीनवर केसाळ सुरवंटासारखा घरंगळत गेला. मावशीने कुसळं पुसली, मग बॉल भोकात घातला. हाही होल बरोबरीत.

तिसऱ्या होलला साहेब लोकांचे पाच फटके झाले. ट्रॅक्टरवाल्याचा पहिला फटका सरळ गेला, दुसरा ग्रीनच्या डाव्या बंकरात. दोन झाले. मामा बंकरात उतरले. मामा वाकले. मूठभर वाळू उचलली. दाबली. मूठ उघडून बघितली. टाकून दिली. मग पाय रोवले आणि उलथनं फिरवलं.

बॉल भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. मावशीने तो आत ढकलला. चार फटके. आम्ही एका फटक्याने जिंकलो होतो. ट्रॅक्टरवाल्याने मावशीला उचलूनच घेतलं आणि मावशी त्याच्या पाठीत बुक्क्या मारत होती. सेक्रेटरी हात पुढे करून आले. टी-शर्टवाले सदस्यसुद्धा मान डोलावत होते.

आणि माझ्या पिशवीत ते पुस्तक होतं, त्यात लाल रेघ मारलेलं ते पान होतं: बंकरात मारण्याआधी वाळू कशी आहे हे जोखायला तिला हात लावायचा नाही. लावला तर दोन फटके दंड.

तिथे पन्नासेक माणसं होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मामांनी वाळू दाबली होती आणि एकालाही ते दिसलं नव्हतं. अकरा वर्षं त्या खड्ड्यात ते तेच करताना लोकांनी बघितलं होतं. झाडाची फांदी हलली तर कोण बघतं?

आमच्या बाजूचं फटके लिहायचं कार्ड माझ्याकडे होतं. मी त्यावर चार लिहिले. लिहिताना पेन थांबलं, एवढं खरं, पण लिहिले. ऑफिसच्या पडवीत चहा आला. मी कुणाकडे बघत नव्हते. मामा कप घेऊन शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, सकाळी त्या सायबाला दोन फटके नेमकं कशाचे लावलेस ते त्यांना नीट कळलं नव्हतं. मी सांगितलं: मारायच्या आधी गवताला धक्का लावून आपली सोय करून घ्यायची नाही.

मामांनी चहाचा एक घोट घेतला. "आणि वाळूला?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि उजवा तळहात वर करून बघितला. रेषांत वाळू चिकटलेली होती.

मी हळूच म्हटलं, "कुणी बघितलं नाही, मामा."

"तू बघितलंस की."

चौकाचौकांत उभं राहून मी लोकांना काय काय सांगितलं होतं ते सगळं एकदम आठवलं. मी पुस्तक काढून ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट ठेवून एक एक शब्द वाचला, मग मला परत वाचायला लावलं. मी कार्डावरचा चार खोडला आणि सहा लिहिले.

सेक्रेटरी अस्वस्थ झाले. म्हणाले, अहो, आमची काही तक्रार नाही, आमच्यातल्या कुणी बघितलं नाही, सोडून द्या. मामा म्हणाले, "सायेब, तुमी बघितलं न्हाय म्हंजे म्या दाबली न्हाय, असं हुतंय व्हय?"

यावर सेक्रेटरींचा घसा बराच वेळ साफ होत राहिला. मावशीचं मत असं पडलं की त्यांना दोन, आपल्याला दोन, फिट्टंफाट झाली, विषय संपला. साहेबांचे ते दोन आधीच मोजलेत, हे मी तिला समजावू शकले नाही. ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूची? त्या प्रश्नाचं उत्तर पत्रकात एका ओळीत लिहिता येतं, तोंडाने देता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही एका फटक्याने हरलो होतो. कमिटीने नोटीस ठेवली. सेक्रेटरींनी फार भांडून एवढंच मिळवलं, की पुढच्या वार्षिक दिवशी पुन्हा सामना होईल, अट तीच.

मावशी आठवडाभर मामांशी बोलली नाही. माझ्याशी दोन आठवडे. मी तिकडे जायचंच टाळलं. मामांसमोर कुठल्या तोंडाने जायचं? त्यांचा सोमवार त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि मी त्यांना तो चोरून परत द्यायला निघाले होते. तिसऱ्या सोमवारी शेवटी गेले. पुस्तक परत करायचं आहे, असं स्वतःला सांगितलं.

मला वाटलं होतं, ते दाताळं घेऊन तोंड पाडून बसलेले असतील. ते डावीकडच्या बंकराच्या मधोमध उभे होते. चपला काठावर काढून ठेवलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोळे मिटलेले. पायांची बोटं वाळूत आत-बाहेर, आत-बाहेर. ग्रीनवर मावशी मांडी घालून बसली होती आणि पदरातली लिंबं एक एक करून हाताने भोकाकडे सोडत होती. पलीकडे ट्रॅक्टरवाला पाण्याच्या पाइपचा एक तुकडा दोन्ही हातांनी धरून हवेत फिरवत होता, परत परत, कंबर वळवून.

माझी चाहूल लागली तसे मामा डोळे न उघडता म्हणाले, "पुस्तक आनलंईस? त्ये पायाचं पान काड."

मी काढलं. बंकरात उभं राहताना पाय घट्ट बसावेत म्हणून ते वाळूत रोवायला परवानगी आहे. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे पाय चालतोय," ते म्हणाले. "हाताला समदं कळतंय. पायाला कायबी कळत न्हाय, लई अडानी हाय. शिकवायलोय."

तेवढ्यात सेक्रेटरी तिकडून आले. सोमवारी ते कशाला आले होते कुणास ठाऊक. लिंबांकडे बघितलं, पाइपाच्या तुकड्याकडे बघितलं, मग बंकरापाशी येऊन थांबले. मामांनी दोन्ही हात वर करून मोकळे असल्याचं दाखवलं. "काठीला हात न्हाय, सायेब. नोटीस पाळायलोय."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. नोटिशीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तो पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला, घसा साफ केला आणि बंकराच्या काठावर, चपलांशेजारी, जरा अंतर ठेवून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय कळतंय का मग पायाला?"

मामांनी बोटं वाळूत आणखी खोल घातली, थांबले, आणि मान हलवली.

"अजून न्हाय. पर अकरा म्हैनं हाईत."